परदेशी गेलेल्यांचं ताट

माणूस देश बदलतो तेव्हा त्याचा आजार बदलतो का? हा प्रश्न नीट मोजला गेला तो जपान्यांच्या बाबतीत. १९६५च्या सुमारास सुरू झालेल्या 'नि-हॉन-सॅन' अभ्यासात हिरोशिमा-नागासाकी, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातले जपानी वंशाचे सुमारे १२ हजार पुरुष होते. होनोलुलूत त्यांना विचारलं जाई, गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्लंत? जपानमध्ये रोजच्या उष्मांकातला जेमतेम १५ टक्के वाटा स्निग्ध पदार्थांचा होता. हवाईत तो ३३, कॅलिफोर्नियात ३८ टक्क्यांच्या आसपास. हृदयविकारही त्याच क्रमानं चढत गेला. पक्षाघात मात्र जपानमध्येच जास्त होता, त्यामुळे 'आपलं जुनं ते सगळं चांगलं' असं म्हणायची सोय नाही.

१९७६मध्ये मार्मट आणि साइम या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्याच जपान्यांकडे पुन्हा पाहिलं. ज्यांनी आपल्या समाजाशी घट्ट नातं ठेवलं होतं, त्यांच्यात हृदयविकार कमी होता आणि नुसत्या आहारातून किंवा सिगारेटमधून त्याचा उलगडा होत नव्हता. मला हा सगळ्यात मोलाचा धागा वाटतो. ताटाइतकंच पंगतीला कोण बसतं हेही महत्त्वाचं.

आपली माणसं या अभ्यासांत ठळकपणे आली ती ब्रिटनमध्ये. १९८०च्या दशकात लंडनच्या साउथॉलमध्ये भारतीय उपखंडातून आलेल्यांत मधुमेह स्थानिक गोऱ्यांच्या जवळपास चौपट आढळला. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी की शाकाहारी गुजराती काय, पंजाबी काय, मासे खाणारे बांगलादेशी काय, स्वयंपाक वेगळा असूनही हृदयविकार सगळ्यांतच जास्त.

याचा एक धागा पुण्यात सापडला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण बाळ एवढं लहान असूनही त्याची चरबी त्या मानानं फारशी घटलेली नव्हती. घट होती ती स्नायूंची. आणि स्नायू कमी, चरबी जास्त अशा शरीराला पुढे मधुमेह जडण्याचा धोका अधिक. म्हणजे परदेशातल्या बर्गरला दोष देण्याआधी आईच्या ताटात काय होतं ते विचारायला हवं.

२०१०मध्ये अमेरिकेत दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा 'मसाला' नावाचा अभ्यास सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातले ९०६ जण त्यात सुरुवातीला होते. त्यांच्यासाठी आहाराची प्रश्नावलीही दक्षिण आशियाई जेवणाची वापरली. तशी ती लागतेच, कारण आमटीला वरून दिलेली फोडणी 'किती कप तेल' या रकान्यात मावत नाही.