छोट्या अनुदानांवर काम करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन हवामान प्रकल्पासाठी अर्ज कसा करावा

जागतिक पर्यावरण सुविधा (जीईएफ) या आंतरराष्ट्रीय निधीचा स्मॉल ग्रँट्स प्रोग्रॅम 1992 साली, म्हणजे रिओच्या वसुंधरा परिषदेच्या वर्षी सुरू झाला. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमामार्फत हा पैसा थेट स्थानिक संस्था आणि लोकगटांच्या हाती जातो. वर्षानुवर्षं एका प्रकल्पाची कमाल मर्यादा 50,000 डॉलर होती. तेवढ्यात एखाद्या गावाचं काम नीट उभं राहतं, पण शेजारच्या दहा गावांपर्यंत ते पोहोचत नाही. त्यासाठी याच योजनेत मोठ्या, सामूहिक प्रकल्पांची वेगळी वाट आहे. अनेक गावं किंवा अनेक संस्था मिळून करायच्या अशा कामाला 1,50,000 डॉलरपर्यंत मदत देण्याची तरतूद आहे. रकमा टप्प्याटप्प्याने बदलतात, म्हणून अर्ज मागवणाऱ्या ताज्या आवाहनात जो आकडा छापलेला असेल तोच धरावा.

कोण अर्ज करू शकतं

स्वयंसेवी संस्था, समुदाय पातळीवरचे गट, आदिवासींच्या संघटना, महिला आणि युवकांची मंडळं पात्र ठरतात. एकट्या व्यक्तीला किंवा सरकारी खात्याला अनुदान मिळत नाही. सामूहिक अर्जात एक संस्था प्रमुख अर्जदार असते. करारावर तिची सही असते, पैसे तिच्या खात्यात येतात आणि हिशेबही तिलाच द्यावा लागतो. म्हणून प्रमुख म्हणून सर्वांत नावाजलेली संस्था निवडण्यापेक्षा जिचे हिशेब सर्वांत चोख आहेत ती निवडा. नोंदणी नसलेला छोटा गट नोंदणीकृत संस्थेच्या आधाराने यात सामील होऊ शकतो. नोंदणी नाही म्हणून त्याला बाहेर ठेवू नका, कारण जमिनीवरचं ज्ञान बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतं.

विषयाच्या पात्रतेत बरेच अर्ज अडखळतात. जीईएफच्या मुख्य निधीत ‘हवामान बदल’ या शीर्षकाखाली हरितवायूंचं उत्सर्जन कमी करणारी किंवा कार्बन शोषणारी कामं येतात: सुधारित चुली, सौरऊर्जा, वनसंवर्धन. पूर किंवा दुष्काळाला तोंड देण्याची तयारी, म्हणजे अनुकूलन, त्यासाठी पैशाचे स्रोत वेगळे आहेत. तुमचं काम दोन्हीकडे मोडत असेल, तर कोणता भाग कोणत्या निधीतून करणार हे योजनेच्या तुमच्या देशातल्या समन्वयकाला आधीच विचारून घ्या. प्रत्येक देशाचं स्वतःचं धोरणपत्र असतं. त्यात ठरलेल्या भूप्रदेशाबाहेरचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी तो मंजूर होणं अवघड असतं.

अर्जाआधीचं काम

माझ्या मते निम्मी लढाई इथेच जिंकली किंवा हरली जाते. पाच संस्थांनी आपापली जुनी कामं एका कागदावर एकाखाली एक लिहिली, तर तो सामूहिक प्रकल्प होत नाही, ती पाच अर्जांची बेरीज होते. अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीच्या ते लगेच लक्षात येतं. एकट्याने होणार नाही असं काय आहे, हे आधी शोधा. पाच संस्थांनी चुली बसवल्या असतील, तर सुट्या भागांचा एक साठा, दुरुस्ती करणाऱ्यांची एक तुकडी आणि सरपणाची बचत मोजण्याची एकच पद्धत, हे एकत्र येऊनच जमतं. मोजणीचा मुद्दा तर फारच कळीचा आहे. एका संस्थेने सरपण काही दिवस सलग तोलून पाहिलं आणि दुसरीने लोकांना नुसतं विचारलं, तर दोघींचे आकडे एकत्र करता येत नाहीत. तेच घर दोघींच्या यादीत असेल, तर बचत दुप्पट दिसते. त्यामुळे याद्या आधीच ताडून पाहा आणि आरंभीची स्थिती सर्वांनी एकाच तक्त्यावर नोंदवा.

या बैठकांनाही खर्च येतो. काही हजार डॉलरचं नियोजन अनुदान काही देशांत मागता येतं. त्याबद्दल जरूर चौकशी करा.

त्यानंतर आपसांतला करार लिहून काढा: कोण काय करणार, कुणाला किती रक्कम, हिशेब किती तारखेला, माहितीवर हक्क कुणाचा, मतभेद झाल्यास निर्णय कोण देणार. काही देशांच्या कायद्यांनुसार परदेशी निधी एका संस्थेने दुसरीकडे वळवणं चालत नाही. तसं असेल तर रक्कम वाटण्याऐवजी प्रमुख संस्थेनेच खर्च करायची रचना सुरुवातीपासून ठेवा.

प्रक्रिया आणि कागदपत्रं

आवाहन निघालं की आधी दोन-तीन पानांचं संकल्पना टिपण द्यायचं. ते पसंत पडलं तर सविस्तर प्रस्ताव. निर्णय राष्ट्रीय सुकाणू समिती घेते. तिच्यात बिगरसरकारी सदस्यांचं बहुमत असतं. लिहिण्याची सवय नसलेल्या गटांकडून चित्रफितीच्या रूपातले प्रस्तावही या योजनेत घेतले गेले आहेत.

साधारणपणे लागणारी कागदपत्रं अशी:

- प्रमुख संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, घटना, बँक खात्याचा तपशील आणि लेखापरीक्षित हिशेब
- प्रत्येक भागीदार संस्थेचा ठराव आणि सहीचं संमतिपत्र
- आधीच्या अनुदानांचे पूर्णत्व अहवाल
- कामानुसार अंदाजपत्रक, वेळापत्रक आणि मोजणीचा आराखडा
- स्वतःच्या वाट्याची पत्रं. हा वाटा रोख किंवा श्रम, जागा, साहित्य अशा रूपात चालतो
- ज्यांच्या जमिनीवर किंवा जंगलात काम होणार त्यांची संमती. आदिवासी समुदाय असेल तर ती पूर्वमाहिती देऊन, मोकळेपणाने आणि काम सुरू होण्याआधी घेतलेली हवी

आधीच्या अनुदानाचा अहवाल थकला असेल, तर तो आधी द्या. एका भागीदाराच्या थकबाकीने सगळा अर्ज रखडू शकतो.

मंजुरीनंतर करारपत्र होतं आणि रक्कम हप्त्यांनी मिळते. पुढचा हप्ता प्रगती आणि खर्चाचा अहवाल स्वीकारल्यावरच सुटतो. पाच संस्थांपैकी एकीचीही पावती उशिरा आली तर पाचही ठिकाणचं काम थांबतं, त्यामुळे आपसांतली हिशेबाची तारीख अधिकृत तारखेच्या किमान महिनाभर आधीची ठेवा. प्रकल्प संपल्यावर अवजारं आणि यंत्रं कुणाकडे राहणार, त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हेही अर्जासोबतच्या करारातच लिहून टाका.