फॉरेस्ट स्कूल की फॉरेस्ट किंडरगार्टन? नावांचा घोळ कुठून आला

लहान मुलांनी चिखलात, पावसात, झाडाखाली का शिकावं हे इथे परत सांगत बसत नाही, ते वाचणाऱ्यांना माहितीच आहे. पण फॉरेस्ट किंडरगार्टन, म्हणजे मुलं रोज जंगलातच असतात अशी बालवाडी, आणि फॉरेस्ट स्कूल हे आलं कुठून ते लिहावंसं वाटलं, कारण या दोन नावांचा जाम गोंधळ झालाय.

किंडरगार्टन हा शब्द १८४० चा, जर्मनीतला, आणि त्यात बाग खरोखरची होती, प्रत्येक मुलाला स्वतःचा एक छोटा वाफा आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक. आपल्या बालवाडीतली वाडी पण तीच की! पुढे शब्द जगभर गेला, वाफे मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिले.

आज आपण ज्या जंगलातल्या बालवाड्या बघतो त्यांची सुरुवात १९५० नंतरची. डेन्मार्कमध्ये एक आई मुलांना रोज जंगलात घेऊन जायची, आजूबाजूच्या पालकांना ते आवडलं आणि त्यातूनच बालवाडी उभी राहिली. स्वीडनमध्ये १९५७ पासून मुलांसाठी जंगलातले उपक्रम सुरू झाले, आणि १९८५ मध्ये त्याच विचारावर पूर्णवेळ बालवाडी निघाली. जर्मनीत वीसबाडेनला १९६८ मध्येच एक चालू झाली होती पण सरकारी मान्यता मिळालेली पहिली फ्लेन्सबर्गची, १९९३ ची. या सगळ्यांत समान गोष्ट एकच, मुलं रोज बाहेर, थंडी असो पाऊस असो, इमारत असलीच तर नावापुरती.

आता घोळ इथे आहे. त्याच १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या एका कॉलेजचे लोक डेन्मार्कला जाऊन हे बघून आले आणि परत येऊन त्यांनी जे सुरू केलं त्याला फॉरेस्ट स्कूल म्हणायला लागले. पण ती वेगळी शाळा नाहीच! नेहमीच्या शाळेतली मुलं साधारण आठवड्यातून एकदा, ट्रेनिंग घेतलेल्या माणसाबरोबर जंगलात जातात, शेकोटी पेटवतात, अवजारं सांभाळून वापरायला शिकतात आणि परत वर्गात. शिवाय हे फक्त तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी नाही, मोठ्या मुलांसाठी पण आहे. वाईट अजिबात नाही, उलट ज्या शाळेला रोज जंगल परवडत नाही तिच्यासाठी चांगलाच मार्ग आहे, पण रोज पाच तास बाहेर असणाऱ्या मुलात जे दिसतं ते आठवड्याच्या एका फेरीत दिसेल असं धरून चालणं मला पटत नाही. पालकांनी नाव न बघता आठवड्यातले किती दिवस आणि दिवसातले किती तास बाहेर, हे विचारावं.

अमेरिकेत अडचण वेगळीच झाली. लायसन्सचे नियम सगळे इमारत धरून लिहिलेले, मग जिला खोलीच नाही अशी बालवाडी बसवायची कशात? वॉशिंग्टन राज्यात लायसन्स नसल्यामुळे या बालवाड्या पूर्ण दिवस चालवता यायच्या नाहीत आणि कमी उत्पन्नाच्या पालकांना सरकारी मदत तिथे वापरता यायची नाही, त्यामुळे ज्यांच्या खिशात पैसे त्यांचीच मुलं जंगलात, असं झालं होतं. २०१७ मध्ये तिथे आधी प्रायोगिक लायसन्सचा कायदा केला, मग २०२१ मध्ये ती लायसन्स कायम केली, आणि त्यात फॉरेस्ट हा शब्द न घेता 'आउटडोअर नेचर-बेस्ड' असं लिहिलं. म्हणजे समुद्रकिनारा किंवा गवताळ माळ असला तरी चालतं.