पार्श्वभूमी : अल्झायमरचं इंजेक्शन आलं कुठून?

‘विसरण्याच्या आजारावर इंजेक्शन निघालं’ हा मेसेज आता यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतल्या ग्रुपवरही फिरतो. खाली लगेच कोणीतरी विचारतं, “आमच्या आबाजीले हे लागू पडन का जी?” उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागतं.

१९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ५१ वर्षांची ऑगस्टे डेटर दाखल झाली. डॉ. अलोईस अल्झायमर यांनी नाव विचारलं. ती म्हणाली, ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? तेही ऑगस्टेच असावं, असं तिला वाटत होतं. जेवताना पुढ्यात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं, पण काय खातेस म्हटल्यावर तिनं पालक सांगितलं. १९०६ मध्ये ती वारली. तिच्या मेंदूत अल्झायमरना पेशींच्या बाहेर साचलेली पुटं आणि आत गुंता झालेले धागे दिसले.

पुढची कितीतरी दशकं ही पुटं कशाची, हेच कळलं नव्हतं. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग या संशोधकांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांत साचणारं बीटा-अमायलॉइड हे प्रथिन वेगळं काढलं. पुटंही त्याचीच निघाली. मग विचार आला, हे प्रथिनच काढून टाकलं तर? १९९९ मध्ये डेल शेंक यांच्या गटानं उंदरांना त्याचीच लस टोचली आणि पुटं घटली. माणसांवर मात्र हे अंगाशी आलं. सुमारे ६ टक्के लोकांच्या मेंदूला सूज आली आणि २००२ मध्ये चाचणी थांबवावी लागली.

तेव्हापासून शरीराकडून अँटीबॉडी (नको त्या पदार्थाला धरणारी प्रथिनं) बनवून घेण्याऐवजी बाहेरून तयार अँटीबॉडी देण्यावर भर आला. आपल्याकडं साप चावल्यावर दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, त्यातही घोड्याच्या रक्तातून काढलेल्या तयार अँटीबॉडीच असतात, तत्त्व तेच. पण विष तासाभरात चढतं आणि हे प्रथिन कित्येक वर्षं गुपचूप साचत राहतं. बॅपिन्यूझुमॅब, सोलानेझुमॅब ही अशा अँटीबॉडींची औषधं चाचण्यांत एकामागून एक नापास झाली. त्याच जातीच्या अ‍ॅड्युकॅनुमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेनं स्वतःच्याच तज्ज्ञ सल्लागारांचं मत डावलून परवानगी दिली. त्यातल्या तिघांनी राजीनामे दिले, आणि २०२४ मध्ये कंपनीनंच औषध गुंडाळलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं हे सगळ्यात लाजिरवाणं पान.

आता चर्चेत असलेल्या लेकानेमॅब या औषधाचं मूळ स्वीडनमधल्या एका कुटुंबात आहे. त्यांच्यातल्या आनुवंशिक दोषावरून संशोधक लार्स लानफेल्ट यांना नेमकं कोणत्या अवस्थेतल्या प्रथिनाला धरायचं ते उमगलं. १,७९५ रुग्णांवरच्या चाचणीत १८ महिन्यांत आजारातली घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. आकडा भारी वाटतो, पण आजार किती वाढला हे मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर फरक अर्ध्या गुणाहूनही कमी. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण परवानगी मिळाली, २०२४ मध्ये तशाच डोनानेमॅबला. गेलेली आठवण दोन्हींनी परत येत नाही. काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो, म्हणून पुन्हापुन्हा एमआरआय करावा लागतो.

शिवाय ही औषधं फक्त सुरुवातीच्या टप्प्यात देतात, तेही पेट (PET) स्कॅन, म्हणजे मेंदूतलं अमायलॉइड दाखवणारी तपासणी, करून किंवा पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून अमायलॉइड आहे याची खात्री झाल्यावर. आपल्या गावात अडचण इथंच सुरू होते. म्हातारा एकाच सालदाराला दोनदा पैसे देतो, तेव्हा घरचे म्हणतात, “वय झालं, आता असंच चालाचं.” वावराची वाट चुकून तो भलत्याच धुऱ्यावर सापडला की मग दवाखाना आठवतो. तोवर सुरुवातीचा टप्पा बहुधा सरलेला असतो. आणि वेळेत कळलं तरी लेकानेमॅबसाठी सुरुवातीला तरी दर पंधरवड्याला सलाईनमधून औषध घ्यायला नागपूरसारखं शहर गाठायचं, ते दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला कसं जमावं?

म्हणून ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला मी आधी उलट प्रश्न विचारीन : आबाजीचं बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासलं का? या दोन्हींच्या कमतरतेनंही विसरभोळेपणा येतो, तपासणी साध्या रक्ताची आहे आणि उपचार गोळ्या-इंजेक्शनांचा, तोही स्वस्त.