पिस्तुलाची पहिली पारख व टिकाऊपणाची चाचणी

पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर यांचा नवा नमुना हातात कसा बसतो, त्याचा चाप कसा ओढला जातो आणि नेम कसा लागतो हे पाहणे म्हणजे त्याची पहिली पारख होय. तोच नमुना हजारो फैरी, धूळ, उष्णता, ओल आणि आपटणे सोसून सुरक्षित व चालता राहतो का, हे ठरवणे म्हणजे टिकाऊपणाची चाचणी होय. पहिलीला काही मिनिटे पुरतात, दुसरीला कित्येक आठवडे लागतात, आणि पहिलीवरून दुसरीचा अंदाज बांधणारा बहुधा फसतो.

जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांना हा विषय परका नाही. वरणगावच्या आयुध निर्माणीत लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात, भुसावळची निर्माणी दारूगोळ्याच्या पेट्यांसाठी ओळखली जाते, तर धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ६ आणि पोलीस प्रशिक्षण विद्यालय आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे आणि भुसावळ यंत्र इंडियाकडे गेले. पिस्तुले मात्र येथे घडत नाहीत. पोलिसांच्या हाती दिसणारे १३ काडतुसांचे ९ मिमी पिस्तूल हे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेवर आधारलेले असून ते ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनते. सामान्य परवानाधारकाला ९ मिमी बोअर (नळीच्या आतल्या व्यासाचे माप) निषिद्ध असल्याने त्याच्याकडे बहुधा .३२ इंचाचे रिव्हॉल्वर असते आणि ते प्रामुख्याने कानपूरहून येते.

पहिल्या पारखेत शस्त्र रिकामे असल्याची खात्री सर्वांत आधी केली जाते. काडतुसांचे मॅगझिन काढून, स्लाइड म्हणजे पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग मागे ओढून, काडतूस बसते तो नळीचा कोठा डोळ्यांनी आणि करंगळीने तपासला जातो. त्यानंतर मूठ तळव्यात भरते का, पहिले बोट ताण न देता चापापर्यंत पोहोचते का, नेम धरण्याची पुढची माशी मागच्या खाचेत स्वच्छ दिसते का, हे पाहतात. रिव्हॉल्वरमध्ये घोडा, म्हणजे काडतुसावर घाव घालणारा भाग, आधी मागे ओढून ठेवला असेल तर चाप हलका लागतो. नुसत्या चापानेच घोडा उचलायचा असेल तर त्याच्या दुपटीहून अधिक जोर पडतो, आणि नवख्याचा नेम नेमका याच ओढीत खाली जातो. वजनाची गोष्ट जरा फसवी आहे. २०१४ मध्ये कानपूरने स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणलेले टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. पर्समध्ये ते सुखाचे वाटते, परंतु तेच काडतूस हलक्या शस्त्रातून उडवले की मनगटाला बसणारा झटका वाढतो. दुकानात गोळी झाडता येत नसल्याने ही गोष्ट तेथे कोणाच्याच लक्षात येत नाही.

टिकाऊपणा आणि विश्वासार्हता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जरी बोलताना त्यांची सरमिसळ होते. स्लाइडला तडा जाणे, गोळी सुटताना स्लाइड व नळी घट्ट धरून ठेवणाऱ्या कुलपाचे कंगोरे झिजणे, चापाची कमान तुटणे हे टिकाऊपणाचे प्रश्न होत. रिकामी पुंगळी बाहेर पडताना अडकणे किंवा पुढचे काडतूस कोठ्यात न चढणे हा विश्वासार्हतेचा. म्हणून चाचणीच्या वहीत प्रत्येक अडथळ्यापुढे त्याचे कारणही लिहावे लागते, कारण दोष शस्त्राचा, मॅगझिनचा, काडतुसाचा की ढिल्या मनगटाने धरणाऱ्याचा, हे कळले नाही तर आकडा व्यर्थ जातो. अमेरिकी लष्कराने मार्च १९११ मध्ये जॉन ब्राउनिंगच्या .४५ पिस्तुलातून ६,००० फैरी झाडून घेतल्या. ते अति तापले की पाण्यात बुडवून गार करीत, आणि तरीही त्यात एकही अडथळा आला नाही. पुढे शंभर वर्षांनी त्याच लष्कराने नव्या पिस्तुलासाठी त्याहून कितीतरी अधिक फैरींच्या आयुष्याची अट घातली. मधल्या काळात, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, त्याच सैन्यात नव्याने आलेल्या ९ मिमी पिस्तुलांच्या स्लाइड तुटून झाडणाऱ्यांच्या चेहऱ्याला इजा झाल्याच्या घटना घडल्या होत्या. स्वीकृतीच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले शस्त्रही वापरात दगा देऊ शकते, ते असे.

कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी होणारी परीक्षा वेगळी आहे. तिला या व्यवसायात ‘प्रूफ’ म्हणतात. नेहमीपेक्षा जास्त दाब देणारे काडतूस शस्त्रातून उडवतात आणि नळी फुगली, तडकली किंवा कुलूप ढिले झाले का हे तपासतात. युरोपीय नियमांत पिस्तुलासाठी हा दाब कमाल दाबाच्या सुमारे तीस टक्के वर ठेवतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्याच्या सीमेवरून येणारा आणि पोलिसांच्या बातम्यांत वरचेवर दिसणारा गावठी कट्टा नेमका याच पायरीला वगळून आलेला असतो. त्याची पहिली परीक्षा झाडणाऱ्याच्या हातातच होते.

खानदेशातील हवामान ही स्वतःच एक चाचणी आहे. मे महिन्यात भुसावळ व जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तो त्याहून बराच वर चढतो. तापलेल्या काडतुसातील दारू वेगाने जळते व दाब वाढतो. म्हणूनच नाटोच्या पद्धतीत काडतुसांचा दाब उणे ५४, २१ आणि ५२ अंश सेल्सिअस अशा तीन तापमानांना मोजतात. वखरलेल्या काळ्या रानातून उडणारी बारीक माती तेलकट स्लाइडवर बसली की तिचा लेप होतो आणि चांगले पिस्तूलही अडखळते, तेव्हा भरपूर तेल लावणारा आपल्याच शस्त्राचे नुकसान करतो. गंजाची परीक्षा कारखान्यात ३५ अंशांवर पाच टक्के मिठाच्या पाण्याचा फवारा देऊन करतात. आपटण्याची परीक्षा, एका प्रचलित अमेरिकी पद्धतीत, सुमारे सव्वा मीटरवरून रबराच्या चटईवर शस्त्र टाकून होते, आणि चाप न ओढता शस्त्र उडणार नाही एवढेच त्यातून पाहायचे असते.

परवानाधारकाने घरच्या घरी टिकाऊपणा तपासणे मात्र दुरापास्त आहे. परवान्यात लिहिलेल्या संख्येइतकीच काडतुसे मिळतात, आणि पन्नास फैरी बिनअडथळा झाल्या म्हणून शस्त्र निर्दोष ठरत नाही. गणिताचा साधा आडाखा असा की, अडथळ्याविना जेवढ्या फैरी झाल्या त्या संख्येने ३ ला भागले तर येते तेवढे अडथळ्याचे प्रमाण असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पन्नासांत ते सहा टक्के, तीनशेंत एक टक्का. शिवाय येथील बहुतेक रिव्हॉल्वरे वर्षानुवर्षे झाडलीच जात नाहीत, त्यामुळे त्यांचे खरे आयुष्य फैरींत नव्हे तर पावसाळ्यांत मोजावे लागते. चामड्याच्या म्यानात ओल धरते, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा होते, तेथे ते महिनोन्‌महिने बासनात पडून राहते. ते परत मिळाल्यावर जाणकार माणूस रिव्हॉल्वर उघडून सर्व काडतुसे काढतो, नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचे नख तिरके धरून उजेड आत पाडतो आणि पुढून डोळा लावतो. नळीतील आटे चकचकीत दिसले तर ठीक, त्यांच्या कडांवर काळपट ठिपके दिसले तर गंजाने आत खड्डे पाडायला सुरुवात केलेली असते.