गळती बिल्डरची की कॉन्ट्रॅक्टरची? रेरा आणि ग्राहक आयोग यातला फरक

मागच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि जुळे सोलापुरातल्या आमच्या घरात हॉलच्या पंख्याशेजारून पाणी टपकायला लागलं. एप्रिलच्या उन्हातच गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलेलं, ८० हजारांत ठरलेलं, त्यातले ६० दिलेले. आईनं खाली घमेलं ठेवलं आणि कॉन्ट्रॅक्टरला फोन लावला तर तो म्हणला, "काकू, काळजी करू नका, उद्या पोरं पाठवतो." आठवडा गेला तरी कोण आलं नाही. मग गल्लीत ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, रेरात टाका की त्याला. मलाही तेच बरोबर वाटत होतं, पण फॉर्म भरायला बसलो तर प्रोजेक्टचा नोंदणी नंबर मागायला लागला, आणि आपल्या गच्चीला कुठला आलाय नंबर.

तर रेरा हा रिअल इस्टेटचा, म्हणजे घर-प्लॉटच्या विक्रीचा, २०१६ चा कायदा आहे आणि तो विकणाऱ्यासाठी आहे. जो बिल्डिंग बांधून फ्लॅट विकतो, किंवा प्लॉट पाडून विकतो, त्याच्यासाठी. गोंधळ यामुळं होतो की त्यातल्या प्रमोटरच्या, म्हणजे बांधून विकणाऱ्याच्या, व्याख्येत कॉन्ट्रॅक्टर हा शब्द पण आहे, पण पुढचे शब्द वाचा, इमारत विक्रीसाठी बांधलेली पाहिजे. नुसती दुरुस्ती किंवा रिनोव्हेशन असेल आणि त्यात काही विकायचं नसेल तर त्याला नोंदणीच लागत नाही असं कायद्यातच लिहिलंय.

पण होटगी रोडला नवीन फ्लॅट घेतला आणि बाथरूमच्या भिंतीला ओल आली, तर मात्र रेरा धरता येतो. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला आणि तुम्ही बिल्डरला कळवलं, तर ३० दिवसांच्या आत फुकट दुरुस्त करून द्यायचं त्याच्यावर बंधन आहे. शिवाय फ्लॅटवाल्याला ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय. आपल्या घरात काम करून घेणाऱ्याला रेराचं दार नाही, त्यानं ग्राहक आयोगातच जायचं.

आणि हे दार मला तरी जास्त सोयीचं वाटलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे, त्यात घरबांधणी ही सेवा म्हणून धरलीय. कॉन्ट्रॅक्टर पुण्याचा असो की हैदराबादचा, तुम्ही सोलापुरात राहता म्हणून तक्रार सोलापूरच्या जिल्हा आयोगात करता येते. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच बघतो, ५ लाखांपर्यंत फी शून्य, वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइन टाकता येते. मुदत २ वर्षांची, त्यामुळं "बघू दिवाळीनंतर" करत बसू नका.

आता खरी मेख. गवंडी आणि बिगारी तुम्ही रोजावर लावले, सिमेंट-वाळू तुम्ही आणली, उभं राहून काम पण तुम्हीच सांगितलं, तर तो माणूस तुमच्या हाताखाली राबला असं धरलं जाऊ शकतं आणि अशी वैयक्तिक नोकरी या कायद्यातल्या सेवेत बसत नाही. ठेका दिला, रक्कम ठरली, कसं करायचं ते त्याचं तो बघणार, तर ती सेवा. दुसरं म्हणजे काम राहत्या घराचं पाहिजे. यंत्रमागाच्या शेडचे पत्रे बदलले तर ते कमर्शियल म्हणून अडतं, स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तरच सूट मिळते.

आमच्याकडं करार नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं. पण ते ६० हजार यूपीआयनं दिलेले, आणि व्हॉट्सॲपवर त्यानं टाकलेलं "कोबा + केमिकल, ५ वर्षं गॅरंटी" असं एका ओळीचं कोटेशन तसंच होतं. त्याचे स्क्रीनशॉट, छताचे तारखेसकट फोटो, आणि ओळखीच्या इंजिनिअरकडून लेखी रिपोर्ट घेतला. मग १५ दिवसांची मुदत देऊन रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, त्यात सरळ लिहिलं की दुरुस्त करा नाहीतर आयोगात पैसे परत आणि भरपाई मागणार.

अकराव्या दिवशी तो स्वतः दोन माणसं घेऊन आला. उकरून बघितलं तर पॅरापेट, म्हणजे गच्चीचा कठडा, आणि स्लॅब जिथं मिळतात तो कोपराच भरलेला नव्हता, बोट आत जात होतं. ते सगळं परत करून घेतलं, गच्चीत पाणी भरून दोन दिवस ठेवलं, आई दर दोन तासांनी वर छताकडं बघून यायची. तिसऱ्या दिवशी कोरडं होतं, तेव्हा उरलेले २० हजार दिले, पावती घेऊन.