दगडी चेहऱ्याच्या वैद्याचे गार हात

बंडखोरांच्या किंवा दरोडेखोरांच्या टोळीवरच्या कथेत एक वैद्य हमखास असतो. गोळी काढतो, जखम शिवतो, कोणाशी फारसं बोलत नाही. जवळचा माणूस मांडीवर मेला तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही. ‘याच्या भावनाच मेल्यात’ असं वाचक धरून चालतात, पुष्कळदा लेखकही. मानसशास्त्रातल्या प्रयोगांशी हे जुळत नाही. स्थिर चेहऱ्यामागे दोन अगदी वेगळ्या क्रिया असू शकतात. त्यांतली कोणती चालू आहे, यावर आतली अवस्था ठरते.

पहिली क्रिया म्हणजे अर्थ बदलणं. भावना वर येण्याआधीच वैद्य समोरच्या दृश्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतो: ‘माझा मित्र विव्हळतोय’ असं नाही, तर ‘मांडीतली रोहिणी फुटली आहे, आधी जोरात दाब द्यायचा’. दुसरी क्रिया म्हणजे दमन. भावना पूर्ण जोरानं आलेली असते, फक्त ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही.

जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये दमनाचं मोजमाप केलं. लोकांना भाजलेल्या रुग्णांवरचे उपचार आणि हात कापण्याची शस्त्रक्रिया यांच्या चित्रफिती दाखवल्या. काहींना सांगितलं होतं, ‘तुम्हाला काय वाटतंय ते बघणाऱ्याला कळता कामा नये.’ त्यांचे चेहरे खरोखरच शांत राहिले. पण किळस इतरांइतकीच वाटली. हालचाल थांबल्यामुळे हृदयाचे ठोके थोडे मंदावले, पापण्या मात्र जास्त लवल्या आणि तळहाताची विद्युतवाहकता वाढली.

ही वाहकता इतकी विश्वासाची का, ते पाहण्यासारखं आहे. हृदयाला दोन चेतासंस्थांचे लगाम असतात: ताणाच्या वेळी शरीर सज्ज करणारी अनुकंपी संस्था ठोके वाढवते, शरीर निवांत करणारी परानुकंपी कमी करते. म्हणून ठोके मंदावले तर माणूस शांत झाला की नुसता निश्चल बसला, हे कळत नाही. तळहाताच्या घामग्रंथींना फक्त अनुकंपी चेतातंतू जातात. तिथे टोकाशी ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं, ग्रंथी घाम सोडते, घामातल्या क्षारांमुळे वीज सहज वाहते. याच संस्थेचे दुसरे तंतू बोटांच्या रक्तवाहिन्यांशी नॉरएपिनेफ्रीन हे दुसरं रसायन सोडून त्या आवळतात. त्यामुळे बोटांतली नाडी बारीक होते आणि बोटं गार पडतात. चेहरा झाकता येतो, तळहात नाही.

मग मेंदूत काय होतं? फिलिप गोल्डिन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १५ सेकंदांच्या किळसवाण्या चित्रफिती दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. अर्थ बदलणाऱ्यांच्या प्रीफ्रंटल भागात, म्हणजे कपाळामागच्या ताबा ठेवणाऱ्या भागात, पहिल्या साडेचार सेकंदांतच हालचाल दिसली आणि नंतर अमिग्डाला व इन्सुला हे भावनांशी जोडलेले भाग शांत झाले. दमन करणाऱ्यांत प्रीफ्रंटल भाग साडेदहाव्या सेकंदानंतर जोरात कामाला लागला. तोवर अमिग्डाला आणि इन्सुला तापलेले होते, पुढेही तापलेलेच राहिले. सगळा फरक वेळेचा आहे.

सरावानं पहिली क्रिया आणखी आधी सरकत असावी. जाँ देसेती आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या प्रयोगात लोकांना शरीरात सुई टोचण्याची आणि कापसाची काडी टेकवण्याची चित्रं दाखवली. सामान्य माणसांच्या मेंदूलहरींत या दोन चित्रांना मिळणारा प्रतिसाद ११० मिलिसेकंदांपासूनच वेगळा होता. डॉक्टरांत तो फरक दिसलाच नाही. मुरलेला वैद्य दर वेळी काही दाबत बसत नाही, अशीच शक्यता यातून दिसते.

दमनाची किंमत नेमकी वैद्यालाच महाग पडते. जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांनी जखमी माणसांची चित्रं दाखवताना प्रत्येकाचं नाव, धंदा आणि अपघात कसा झाला, हे ऐकवलं. चेहरा निर्विकार ठेवणाऱ्यांना ही माहिती कमी आठवली. स्वतःच्या चेहऱ्यावर सतत लक्ष ठेवताना ऐकायला लक्ष उरत नाही. टोळीतल्या वैद्यानं जखम नीट शिवली, पण ‘हे औषध मला सोसत नाही’ हे रुग्णाचं वाक्य त्याच्या डोक्यातून निसटलं, तर ते शास्त्राला धरूनच होईल. समोरच्यालाही याचा त्रास होतो. एमिली बटलर यांच्या २००३ च्या प्रयोगात अनोळखी बायका जोडीनं एका अस्वस्थ करणाऱ्या चित्रपटाबद्दल बोलल्या. एकीनं भावना दाबल्या की दुसरीचा रक्तदाब वाढला.

इथेच एका फिरत्या दाव्याला थांबवलं पाहिजे. ‘दाबलेल्या भावनांची गाठ होते, त्यातूनच कॅन्सर होतो’ असं सांगून शिबिरं आणि काढे विकले जातात. याला भक्कम पुरावा नाही. उलट आजारी माणसावर स्वतःच्या आजाराचा दोष लादला जातो, आणि ते क्रूर आहे.

उपाय म्हणून रडायलाच पाहिजे असं नाही. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डालाचा प्रतिसाद उतरला आणि उजव्या प्रीफ्रंटल भागाची एक बाजू जागी झाली. अबोल वैद्याला एवढं जमण्यासारखं आहे: पट्टी बांधून झाल्यावर ‘भीती वाटली’ हे दोन शब्द, मनातल्या मनात किंवा नोंदवहीच्या कोपऱ्यात.