ऑलिव्हिया डी हॅविलंड

डी हॅविलंड, ऑलिव्हिया : (१ जुलै १९१६–२६ जुलै २०२०). हॉलिवूडच्या स्टुडिओ-काळातील अभिनेत्री. जन्म टोकियोत, ब्रिटिश आईवडिलांच्या पोटी, बालपण कॅलिफोर्नियात. धाकटी बहीण जोन फाँटेन हीही नामांकित अभिनेत्री. १९४१च्या चित्रपटांसाठी दोघींना ऑस्करचे नामांकन होते; ते धाकटीने पटकावले. दोघींचे पटत नसे, हे जगजाहीर होते.

नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी १९३४ मध्ये हॉलिवूड बोल या खुल्या नाट्यगृहात शेक्सपिअरचे ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ रंगवले. त्यातली हर्मियाची भूमिका ऐनवेळी हिच्या वाट्याला आली आणि त्यातूनच वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओचा करार झाला; १९३६ मध्ये तिथेच सात वर्षांचा नवा करार झाला. ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) पासून एरल फ्लिनबरोबर तिने आठ चित्रपट केले. ते तुफान चालले, पण त्यांत पराक्रम नायकाचा आणि वाट पाहणे नायिकेचे. वेगळे काही करायला मिळाले ते बाहेर. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधील मेलनीच्या भूमिकेसाठी स्टुडिओचे प्रमुख जॅक वॉर्नर तिला दुसऱ्या निर्मात्याकडे पाठवायला तयार नव्हते; तिने थेट त्यांच्या पत्नीलाच गळ घातली.

स्टुडिओचा करार एकतर्फी असे. दिलेली भूमिका नाकारली, की कलावंत निलंबित; पगार बंद, आणि घरी बसलेले ते दिवस कराराच्या शेवटी जोडले जात. म्हणजे नकार द्यावा तितका करार लांबे. १९४३ मध्ये सात वर्षे संपली, तेव्हा वॉर्नरने सुमारे सहा महिन्यांची बाकी दाखवली. अभिनेत्री बेट्टी डेव्हिस १९३६ मध्ये याच स्टुडिओविरुद्ध लंडनच्या न्यायालयात हरली होती. डी हॅविलंडचे वकील मार्टिन गँग यांनी मात्र कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यावर बोट ठेवले : नोकरीचा करार सात वर्षांपलीकडे बंधनकारक नाही, आणि ही वर्षे दिनदर्शिकेची, कामाच्या दिवसांची नव्हेत. जॅक वॉर्नरनी इतर स्टुडिओंना पत्रे धाडून तिचे काम बंद पाडले. अपील न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. १९४५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार नाकारला. ‘डी हॅविलंड कायदा’ म्हणून ओळखला जाणारा हा नियम पुढे गायकांच्या ध्वनिमुद्रण-करारांतही वादाचा विषय ठरला.

तिचे खरे मोठे काम यानंतरचे. ‘टू ईच हिज ओन’ (१९४६) साठी पहिले ऑस्कर मिळाले. ‘द स्नेक पिट’ (१९४८) मधील मनोरुग्ण स्त्री तिने जराही न सजवता उभी केली. ‘द एअरेस’ (१९४९) मधील बुजरी मुलगी शेवटी दगडासारखी कठोर होते. दुसरे ऑस्कर याच भूमिकेचे, आणि या भूमिकेपुढे मेलनीही फिकी वाटते.

१९५० च्या दशकात ती पॅरिसला स्थायिक झाली. १९६५ मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. वयाच्या १०० व्या वर्षी, २०१७ मध्ये तिला ब्रिटनचा ‘डेम’ किताब मिळाला. त्याच वर्षी, एका दूरचित्रवाणी मालिकेत आपले चित्रण विनापरवानगी झाले म्हणून तिने पुन्हा न्यायालय गाठले. २०१८ मध्ये अपिलात निकाल तिच्या विरोधात गेला. पॅरिसमध्येच १०४ व्या वर्षी तिचे निधन झाले.